तीन बोटं फोम

बेकरीच्या मागच्या खोलीत त्या संध्याकाळी इतकी माणसं कोंबली होती की ट्रे ठेवायच्या घोडीवरसुद्धा दोघं चढून बसले होते. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड. आणि त्या उजेडात, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या रंगमंचावर, काळ्या कापडाखाली झाकलेली एक मोटरसायकल. शेजारी सुटाबुटातला एक माणूस केव्हाचा बोलत होता, आणि त्याचं बोलणं काही संपत नव्हतं.

"ओढ रे बाबा एकदाचं ते कापड!" बेकरीवाला चादरीवर खेकसला. "इथे माझी भट्टी थंड पडायला लागली."

कापड सरकलं. सगळे एकदम बोलायला लागले.

"आई गं! काय दिसतेय!"

"काय दिसतेय? पुढच्या दिव्यांचे डोळे बघ की. झोपमोड झाल्यासारखे."

"पुढून शर्यतीची आणि मागून सहलीची," वकील म्हणाला. त्याला कशातही दोन पक्ष दिसायचे. "दोन भावांचं भांडण मिटवून वाटणी करून दिल्यासारखी झालीय गाडी. दोघंही नाराज."

"पण तीच तर मजा आहे ना!" नर्स घोडीवरून ओरडली. मोटरसायकलवाल्यांच्या या मंडळात सगळ्यांत लहान तीच, वयाने आणि उंचीनेही. "वळणावर वाकवायची असेल तर वाकवा, दिवसभर सरळ जायचं असेल तर जा. एकाच गाडीत दोन्ही."

"बाजूच्या पेट्या कुठायत?"

"वेगळ्या घ्यायच्या, म्हणे."

"म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी, आणि सामान डोक्यावर!"

"अहो, काच बघा, बटण दाबलं की वर-खाली होते!"

"आमच्या इमारतीची लिफ्ट होत नाही वर-खाली, आणि हिची काच होते."

"तो हिरवा रंग मात्र इस्पितळाच्या भिंतीसारखा आहे."

"आमच्या भिंतींना नावं ठेवायची नाहीत हं," नर्सने बजावलं.

हा गलका चालू असताना, गाड्यांच्या सीटा भरून देणारी सीटवाली मात्र गाडीकडे बघत नव्हती. ती बसली होती पिठाच्या पालथ्या डब्यावर, नवऱ्याच्या बरोब्बर मागे. इथेही मागेच. लग्नानंतरचं अर्धं आयुष्य तिने त्याच्या पाठीमागे, गाडीवर काढलं होतं. त्यामुळे नवऱ्याचा चेहरा तिला जितका पाठ नव्हता तितकी त्याची मान पाठ होती. रागावला की मानेची डावी शीर उठायची. खोटं बोलताना मान खांद्यात बुडायची. आत्ता ती मान पुढे झुकली होती, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू मिटत होती, उघडत होती. तो क्लच दाबत होता. चादरीवरची गाडी त्याने केव्हाच चालू केली होती.

मंडळात त्याला पंच म्हणत. पोटापाण्यासाठी तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटर दुरुस्त करायचा. दिवसभर टेबलाशी बसून मीटर उघडायचा, चाकं पुसायचा, पुन्हा मिटायचा. पण गाडीच्या बाबतीत त्याने एकदा तोंड उघडलं की वाद मिटला, असा मंडळाचा रिवाज होता. तो फुकाचं बोलत नसे. न बसता कुठल्याही गाडीला चांगलं म्हणत नसे, की वाईट.

"पंच, निकाल द्या," वकील म्हणाला.

चादरीवर आता आकडे येत होते. इंजिन, वजन, टाकी. मग सीटची उंची. तो आकडा आला आणि पंचाने मांडीवर थाप मारली.

"अरे, ही तर आपल्या म्हातारीएवढीच! तंतोतंत!" म्हातारी म्हणजे त्याची जुनी गाडी. "पाहिलंस का गं?" तो मागे वळला. त्याचे डोळे असे चमकत होते की जणू कोणी त्याचं वय परत आणून दिलं होतं. "मी म्हणत नव्हतो? असली गाडी कोणीतरी करणार. हलकी नको, जड नको, लोळायची नको, नुसती पळायची नको. केली की नाही? आणि सीट आपल्याएवढीच. म्हणजे पाय आरामात टेकणार."

"पाहिलं," सीटवाली म्हणाली.

"निकाल?" बेकरीवाल्याने विचारलं.

"निकाल बसल्यावर. पण एवढं सांगतो, शोरूममध्ये आली की पहिला मी बसणार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सीटवालीने पदराने कपाळ पुसलं. भट्टी थंड होती, तरी तिला घाम फुटला होता. म्हातारीची सीट आता त्या आकड्याएवढी राहिलेली नाही, हे त्या खोलीत एकट्या तिला माहीत होतं.

*

तिचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. एक भारी शिलाई मशीन, फोम कापायची लांब पात्याची सुरी, गोंदाचे डबे, स्टेपल मारायची बंदूक, आणि भिंतीला टांगलेल्या सीटा, कोणाच्या उघड्या, कोणाच्या झाकलेल्या. हे काम ती वडिलांकडे शिकली. वडील खुर्च्या आणि सोफे भरायचे. एक दिवस एक उंच तरुण फाटलेली सीट बगलेत मारून आला आणि म्हणाला, "हिला जरा माणसात आणा." वडील म्हणाले, आम्ही गाड्यांचं करत नाही. ती आतून म्हणाली, "मी करते." पुढे त्या तरुणाची सीट वारंवार फाटायला लागली. ब्लेडने, सरळ रेषेत. वडिलांनी तो कापा पाहिला आणि सीटऐवजी मुलाची चौकशी केली.

दोघांचा एक ठराव होता. मागे नीट बसून झालं की तिने त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदाच तो ठराव मोडला होता, ऐन तारुण्यात. पेट्रोल पंपावर ती पाण्याची बाटली भरून घ्यायला उतरली. कोणा मित्राने गंमत म्हणून त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या, आणि हा निघाला. एकटाच बडबडत बराच पुढे गेला. परत आला तेव्हा ती पंपाच्या कट्ट्यावर बसून बाटलीतलं पाणी पीत होती. "काय काय बोललात?" तिने विचारलं. "सगळं," तो म्हणाला. "मग आता पहिल्यापासून सांगा." मंडळात हा किस्सा नव्या प्रत्येक सभासदाला सांगितला जायचा.

खरं म्हणजे दोघांचं बोलणं गाडीवरच व्हायचं. घरात तो मीटरसारखा, लागेल तेवढंच पुढे सरकणारा. गाडीवर बसला की वाऱ्यात ओरडून ओरडून बोलायचा. तिला अर्धं ऐकू यायचं, अर्धं पाठीतून कळायचं.

पाय कमी पडायला लागला, तेही तिला पाठीतूनच कळलं. सिग्नलला थांबताना गाडी डावीकडे जराशी जास्त कलायची आणि मग तो झटका देऊन सावरायचा. मग तो नेहमी फुटपाथच्या कडेलाच थांबायला लागला, म्हणजे डाव्या पायाला उंचवटा मिळावा. चढावर थांबायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता घ्यायला लागला. "इकडून सावली आहे," असं म्हणायचा. त्याने पँट घातली की डाव्या मांडीपाशी कापड सैल लोंबताना तिला दिसायचं.

"अहो, पाय दाखवून घ्या एकदा."

"कोणाला?"

"डॉक्टरला. अजून कोणाला दाखवणार?"

"मुंग्या येतात गं जरा. दिवसभर टेबलाशी बसतो ना." मान खांद्यात बुडाली.

तेव्हाच नेमकी सीटची शिवण उसवली, आणि त्याने सीट तिच्या टेबलावर आणून टाकली. तिने कव्हर उतरवलं. फोम उघडा पडला. तिने सुरी हातात घेतली आणि, स्वतःलाही न विचारता, पुढच्या, त्याच्या बसायच्या भागाचा वरून बोटभर थर काढला. कडा गोल केल्या. जरा घट्ट फोमचा पातळ पदर वर लावला, बसायला टोचू नये म्हणून. कव्हर ताणून पुन्हा असं बसवलं की कोणाच्या बापाला कळू नये.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तो शीळ घालत. "आज गाडी फार हलकी वाटली गं. काय केलंस?"

"शिवण घातली."

"हात आहे तुझा हात!"

त्या एका वाक्याला ती भुलली. पुढच्या वर्षी सीट पुन्हा टेबलावर आली, तेव्हा आणखी बोटभर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. तीन बोटं फोम गेला. त्याचे पाय जमिनीवर सपाट टेकायचे, गुडघे वाकलेले असायचे, आणि त्याला वाटायचं आपला पाय सुधारला. "बघ, म्हणे डॉक्टर! आपोआप बरा झाला."

फक्त दोन गोष्टी अडचणीच्या झाल्या. तो खाली गेला तसा तिला त्याच्या हेल्मेटवरून पुढचा रस्ता दिसायला लागला. "तू या वयात उंच व्हायला लागलीस की काय?" तो आरशातून बघत म्हणाला. आणि पुढची काच त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आली. "काच वर आल्यासारखी वाटते."

"चष्म्याचा नंबर तपासा," ती म्हणाली, आणि तो बिचारा खरंच तपासून आला.

*

नवी गाडी शोरूममध्ये आली त्या सुट्टीच्या सकाळी मंडळ झाडून हजर होतं. सीटवालीने घरून निघताना तीन वेळा प्रयत्न करून पाहिला. आधी तिचं डोकं दुखत होतं. मग गिऱ्हाईक येणार होतं. शेवटी ती म्हणाली, "आज नकोच जायला. गर्दी असेल."

"अगं, गाडी बघायला गर्दी नको तर काय सुनसान हवं?" तो हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला. "बस. आणि थाप मार."

तिने दोन थापा मारल्या. दुसरी फार हलकी पडली.

शोरूममध्ये हिरवी गाडी चकचकीत फरशीवर उभी होती, आणि भोवती बेकरीच्या खोलीतला गलका पुन्हा सुरू झाला होता. प्रत्यक्षात पाहिल्यावर मतं पार उलटीपालटी झाली होती. ज्यांनी डोळ्यांना नावं ठेवली ते आता "तसे बरे आहेत" म्हणत होते. वकिलाने हँडल धरलं आणि त्याची तडजोडीबद्दलची तक्रार जरा मऊ झाली. उलट बेकरीवाला मागच्या सीटवर हात दाबून म्हणाला, "ही सीट आहे की पाट? वहिनी, तुम्हाला इथे बसवलं तर तुम्ही घटस्फोट घ्याल."

"मी नाही घेणार, भावजी. सीट काढून घेईन," ती म्हणाली. सगळे हसले.

विक्री करणारा तरुण टायवरून हात फिरवत पुढे आला. "बसून बघा ना, सर."

"पहिले पंच!" नर्स ओरडली.

पंचाने हेल्मेट बायकोच्या हातात दिलं. डाव्या पायावर उभं राहून उजवा पाय गाडीवरून पलीकडे टाकला. म्हणजे डाव्यावर भार आला. टाच अधांतरी राहिली. नुसता चवडा टेकला. त्याने सवयीने साइड स्टँड मागे सारला आणि गाडी सरळ केली.

सीटवालीला त्याची मान दिसत होती. मानेची शीर उठली.

गाडी डावीकडे कलली. त्याने झटका द्यायला पाय रोवला, आणि पाय तिथे नव्हताच; म्हणजे होता, पण कागदाचा असावा तसा दुमडला. हेल्मेट टाकून तिने मागची कडी धरली. बेकरीवाल्याने हँडल पकडलं. विक्रेत्याने टाकीला मिठी मारली. आरसा फरशीला टेकून कर्रकन घासला आणि तिथे गाडी थांबली.

"काका, लागलं का?" नर्स धावली.

"काही नाही! फरशी... फरशी गुळगुळीत आहे." पंच उठून उभा राहिला. चेहरा लाल. "आणि ही सीट! आकडा खोटा आहे यांचा. बंडल गाडी!"

"आकडा खोटा नाही, सर," विक्रेता म्हणाला. तो आरशाकडे बघत होता, आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"मला शिकवतोस? इतकीच सीट मी रोज चालवतो! रोज! पाय सपाट टेकतात माझे. विचार या सगळ्यांना."

मंडळात लगेच तट पडले. "पंच म्हणतात तर असेलही." "कंपन्या काय, काहीही छापतात." "पण मग मोजा ना, मोजायला काय जातंय?" वकिलाने ठरवूनच टाकलं. विक्रेत्याने आतून मोजपट्टी आणली. गाडी दोघांनी सरळ धरली. पट्टी जमिनीपासून सीटपर्यंत ताणली. आकडा बरोब्बर होता.

"मग आता तुमच्या गाडीची मोजू या, सर?" विक्रेता म्हणाला. "बाहेरच उभी आहे ना?"

"मोजू नका," सीटवाली म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण सगळे तिच्याकडे वळले, कारण असं कोणी का म्हणावं?

"का नको?" पंचाने विचारलं.

ती खाली वाकली आणि हेल्मेट उचलायला लागली. पंच तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या नजरेत एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, उंच झालेली बायको, वर आलेली काच, हलकी वाटलेली गाडी, आणि दरवर्षी उसवणारी शिवण. मीटरमधली चाकं एकमेकांत अडकत जावीत तशी.

त्याने विक्रेत्याच्या हातातून पट्टी घेतली. बाहेर गेला. काचेतून सगळ्यांना तो दिसत होता, म्हातारीशेजारी वाकलेला. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. आत आला, पट्टी परत दिली.

"आकडा बरोबर आहे यांचा," तो म्हणाला. "आरशाचं काय ते मी बघतो."

मग त्याने बायकोच्या हातातून हेल्मेट घेतलं. बाहेर जाऊन गाडीवर बसला. ती मागोमाग धावत गेली. पण ती पायरीवर पोचेपर्यंत म्हातारी सुरू झाली होती. तिने हात पुढे केला. त्याच्या खांद्यापर्यंत तो पोचलाच नाही. गाडी रस्त्याला लागली.

या वेळी कोणी थापा मारल्या नव्हत्या.

ती बराच वेळ पायरीवर उभी राहिली. तो परत येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, पण तसं कोणी म्हणालंही नाही. शेवटी बेकरीवाल्याने पावाची व्हॅन आणली.

"बसा, वहिनी. पुढे बसा."

ती पुढे बसली. समोर सगळा रस्ता मोकळा दिसत होता, आणि तिला कुठे बघावं ते कळेना.

*

घरी आली तेव्हा तो तिच्या टेबलाशी उभा होता. म्हातारीची सीट त्याने काढून आणली होती, कव्हरचे स्टेपल पकडीने उपटले होते. उघड्या फोमवर तिने वर्षावर्षाला लावलेले घट्ट पदर एकावर एक दिसत होते.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन बोटं."

"केव्हापासून?"

"तुम्ही डॉक्टरला नाही म्हणालात, तेव्हापासून."

"म्हणजे दोष माझाच."

"असं म्हटलं का मी?"

"मग म्हण ना काहीतरी!" तो ओरडला. घरात तो कधी ओरडला नव्हता. "सगळ्या गावाला पाठ आहे की पंच बसल्याशिवाय बोलत नाही. मी कशावर बसून बोलत होतो? तुझ्या सुरीवर! मला वाटलं पाय बरा झाला. खुळ्यासारखा शीळ घालत होतो मी. आणि तू मागे बसून ऐकत होतीस."

"ऐकत होते."

"हसत होतीस?"

"नाही हो." तिने खुर्चीची पाठ धरली. "मला वाटायचं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गाडी सोडाल."

"सोडली असती तर? माझी गाडी, मी सोडली असती."

"आणि मी कुठे बसले असते?"

त्याने पकड टेबलावर ठेवली.

"तुम्ही घरात बोलत नाही," ती म्हणाली. "तुमचं सगळं बोलणं तिथेच. मला ते हवं होतं. तुमच्या पायासाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या सीटसाठी केलं. तुमची कापत गेले, माझी राखत गेले."

बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. पंचाने फोमवर अंगठा दाबला. खाली पत्रा लागला.

"आता होता तसा कर," तो म्हणाला. "सगळा भर. माझ्यासमोर."

तिने भरला. नवा फोम आणला, मापाने कापला, गोंद लावला, वाळेपर्यंत दोघं दोन बाजूंना बसून राहिले. कव्हर ताणताना एरवी तो एक टोक धरायचा. आज त्याने हात लावला नाही. सीट बसवून झाली, तसा तो अंगणात उभ्या म्हातारीवर चढला. टाच अधांतरी. त्याने स्टँड काढायला पाय पुढे केला, आणि तसाच थांबला. बराच वेळ नुसता बसून राहिला, हँडल धरून, समोरच्या भिंतीकडे बघत. स्टँड त्याने काढलाच नाही.

मग हळूच उतरला, आणि किल्ली तिच्या टेबलावर, गोंदाच्या डब्याशेजारी ठेवली.

*

इस्पितळात त्याला नर्सच घेऊन गेली. कण्यात एक शीर दाबली गेली होती. "आधी का नाही आलात?" डॉक्टरने विचारलं. "आता आहे ती ताकद टिकवू. गेलेली परत येईलच असं सांगता येत नाही." आधी का नाही, याचं उत्तर त्याला माहीत होतं. घरी येऊन त्याने डॉक्टरचं बोलणं बायकोला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ती जेवण वाढत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा वाढायला लागला.

मंडळाच्या ग्रुपवर त्याने आवाज नोंदवून निकाल पाठवला. सीटवालीने तो आतल्या खोलीतून ऐकला.

"पंच बोलतोय. त्या गाडीला मी बंडल म्हणालो, ते मागे घेतो. गाडी चांगली आहे. मागची सीट वाईट आहे, रंग इस्पितळाचा आहे, बाकी गाडी चांगली आहे. पाय माझा गेलाय. नर्सबाई, घ्यायची असेल तर बिनधास्त घे."

त्यावर कोणी थट्टा केली नाही. बेकरीवाल्यानेसुद्धा नाही.

नर्सने घेतली. एका सकाळी ती हिरवी गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. "काकू, माझी पुढची जरा खाली करायची आणि मागची माणसाने बसण्यासारखी करायची. आईला फिरवायचंय."

सीटवालीने मोजपट्टी काढली. "आधी बसून दाखव. दोन्ही पाय. किती खाली करायची ते तू सांगायचंस, मी नाही."

पंच दारात येऊन उभा राहिला. हल्ली त्याच्या हातात काठी असायची. त्याने गाडीला एक फेरी मारली, काच बघितली, टाकीवर बोटाने टिचकी मारली.

"मागची किती वाईट आहे ते बसल्याशिवाय कळायचं नाही," तो म्हणाला.

नर्सने एकदा काकूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "बसा की, काका. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

त्याला चढायला वेळ लागला. सीटवाली पट्टी हातात धरून बघत राहिली. पुढे झाली नाही. तो बसला. क्षणभर त्याला हातांचं काय करायचं ते कळेना. मग त्याने नर्सच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

गाडी गेली. लांबवर त्याची मान दिसत राहिली, दुसऱ्या कोणाच्या पाठीमागे. तो काहीतरी ओरडून बोलत होता. नर्स मान डोलावत होती. वळणावर गाडी वाकली आणि दिसेनाशी झाली. सीटवालीच्या हातातली पट्टी सट्‌कन आत ओढली गेली.

कोपऱ्यापर्यंत म्हणाले होते. कोपरा तर केव्हाच संपला होता. ती दुकानाच्या उंबऱ्यावर बसली, पुन्हा उठली, मशीनवरची धूळ पुसली, पुन्हा बाहेर आली. पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर तिच्याकडे निदान पाण्याची बाटली होती.

हिरवी गाडी परत आली तेव्हा नर्सचा चेहरा खुललेला होता. पंच मात्र घामाघूम झाला होता. गाडी थांबली, तो मागच्या सीटवर तसाच बसून राहिला. काठी दुकानाच्या दाराशी राहिली होती, आणि उतरताना भार डाव्याच पायावर येणार होता.

"काय बेकार सीट आहे," तो म्हणाला. कोणाला, ते स्पष्ट नव्हतं. "इतकी वर्षं कशी बसलीस गं तू मागे?"

ती जवळ गेली. हात त्याच्या कोपराच्या खाली, न लावता, तसाच धरला.

"धरू?" तिने विचारलं.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. नर्स हँडल घट्ट धरून समोर बघत राहिली.

"धर," तो म्हणाला.